पुस्तकं मागून उघडणारे पेशकार

पुस्तक हातात आलं की ते मागून उघडायचे. शेवटचं पान, त्याच्या आधीचं पान, मग सूची. सूचीतल्या बारीक अक्षरांवरून उजव्या हाताचं बोट खाली सरकत जायचं, एका जागी थांबायचं, दोन ओळी वर, दोन ओळी खाली. मग पुस्तक मिटून ते म्हणायचे, "नाय."

पहिले काही महिने मला वाटायचं, यांचं शिक्षण उर्दूतलं. पानं उजवीकडून उलटायची सवय, म्हणून इंग्रजी पुस्तकही मागून उघडतात. ही गंमत मी दोघातिघांना सांगून हशाही मिळवला होता. ग्रंथालयात बसणाऱ्याला अशी माणसं भेटतात, तुम्हीही पाहिली असतील. रोज येणारी, ठरलेल्या खुर्चीवर बसणारी, ज्यांची नक्कल करून आपण डबा खाताना हसतो.

एक दिवस विचारलंच. "काय बघता पेशकारसाहेब?"

"गाव."

"कोणतं गाव?"

"आमचं."

हातातलं पुस्तक घाना देशातल्या ग्रामविकासावरचं होतं. मी म्हणालो, "अहो, घानावरच्या पुस्तकात तुमचं गाव कसं येईल?"

"काय सांगावं साहेब, लिव्हलं असंल एखाद्या घानावाल्यानं. इथल्यांनी तर नाय लिव्हलं."

त्यांचं नाव मी इथं देणार नाही, त्यांच्या गावाचंही नाही. पिशोरच्या पलीकडचं एक खेडं, एवढं पुरे. त्यांच्या घरातलं एक नाव मी पूर्वी एकदा छापलेलं आहे. ते कसं छापलं, हेच सांगायचं आहे. वीसेक वर्षं कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

औरंगाबादेतल्या एका संस्थेच्या ग्रंथालयात मी तेव्हा सहायक ग्रंथपाल होतो. मागच्या भिंतीला लागून दोन लोखंडी कपाटं होती. परदेशातून कुणीतरी भेट पाठवलेली पुस्तकं त्यांत होती. नव्यानं स्वतंत्र झालेले देश, त्यांचा विकास, त्यांचं सरकार, तिथल्या माणसांची ओळख, असे विषय. आफ्रिका, आशिया, बेटं. पुस्तकं जाडजूड आणि कोरी. त्यांना वाचक एकच, आमचे पेशकार.

तहसीलदारापुढं कागद मांडणारा कारकून म्हणजे पेशकार. ते पद जुन्या राज्यातलं, पुढं सरकारनं त्याचं नाव बदललं, पण यांना ते चिकटलं ते चिकटलंच. निवृत्त झाल्यावर रोज अकराच्या सुमाराला रोशन गेटकडून पायी यायचे. पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं, काखेत कापडी पिशवी. इंग्रजी ते कचेरीत काम करता करता शिकलेले, त्यामुळं वाक्य पुटपुटत वाचायचे. एक पुस्तक महिनाभर पुरायचं.

कचेरीच्या गोष्टी त्यांच्याजवळ भरपूर होत्या. म्हणायचे, "साहेब, मी तीन सरकारं बघितली, उठलो नाय खुर्चीवरून. हैदराबाद, मग मुंबई, मग महाराष्ट्र. भिंतीवरचा फोटो बदलायचा."

"आणि काम?"

"काम काय. खिळा तोच व्हता."

आमचा शिपाई कचरूमामा आणि त्यांचं चांगलं जमायचं. कचरूमामाही त्यांच्याच गावाकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला. गुडघे गेले म्हणून शहरात नोकरीला लागलेला. पेशकार आले की तो न सांगता चहा आणायचा आणि एखादा टोमणा सोबत द्यायचा.

"काय पेशकार, आज कोण्या देशाची मोजणी?"

"बर्मा."

"सातबारा निघतो का तिथं?"

"तिथल्या तलाठ्याला च्या पाजावा लागंल."

आता चिठ्ठ्यांचं सांगतो. पेशकार पुस्तकात रेघ मारत नसत. पुस्तक सरकारी मालमत्ता, तिच्यावर खूण करायची नाही, ही कचेरीची शिस्त. जुन्या छापील फॉर्मांच्या कोऱ्या बाजूचे ते तळहाताएवढे तुकडे कापायचे. वर पान आणि ओळ लिहायची, खाली आपलं म्हणणं, आणि चिठ्ठी त्याच पानात ठेवून द्यायची. चिठ्ठी बाहेर काढली की तिला अर्थ नाही. पान उघडा, लेखकाची ओळ वाचा, मग चिठ्ठी वाचा.

एका लेखकानं लिहिलं होतं की नव्या देशांत नोकरशाही जनतेपासून फार दूर असते. तिथं पेशकारांची चिठ्ठी : "दूर नसते. मधे एक बाक असतो. त्यावर जनता बसते. आमच्या कचेरीतला बाक तुटला तो तीन तहसीलदार गेले तरी दुरुस्त झाला नाही." माणसाला एकाच वेळी अनेक ओळखी असतात, असं दुसऱ्या एकानं चांगलं दहा पानं मांडलं होतं. तिथं : "कबूल. पण फॉर्मात रकाना एकच येतो."

अशा किती चिठ्ठ्या होत्या ते मी मोजलं नाही. दोन्ही कपाटांतली पुस्तकं फुगली होती. कचरूमामा म्हणायचा, "पेशकारांनी पुस्तकं गाभण करून ठिवली." दर उन्हाळ्यात आमच्याकडं पडताळणी असते. प्रत्येक पुस्तक काढायचं, दाखल क्रमांक जुळवायचा, मग पुस्तक उलटं धरून झटकायचं, म्हणजे कसर आणि धूळ पडते. कचरूमामा सगळं ग्रंथालय झटकायचा आणि त्या दोन कपाटांपाशी आला की फडकं खांद्यावर टाकायचा. "गाभणीला धक्का लावायचा नसतो," म्हणायचा.

मी त्या वेळी पीएच.डी. करत होतो. निजामाचं राज्य संपवणाऱ्या अठ्ठेचाळीसच्या पोलीस कारवाईनंतर आमच्या भागातल्या खेड्यांत नवं सरकार कसं पोचलं, हा विषय. त्या चिठ्ठ्या म्हणजे माझ्यासाठी खजिना होता. पेशकारांनीच मला तहसिलीच्या जुन्या दप्तरापर्यंत नेलं. लाल कापडातली गाठोडी सोडून ते उर्दू कागद मला वाचून दाखवायचे, मी उतरवून घ्यायचो. दुपारभर आम्ही जमिनीवर बसून असायचो. मला तर बापाच्या हाताखाली काम करतोय असं वाटायचं. हे आत्ता लिहिताना हात थांबतो, पण वाटायचं खरं.

एका गाठोड्यात त्यांच्या गावची यादी निघाली. कारवाईनंतर दोनेक वर्षांनी नव्या कचेरीनं केलेली, मराठीत. खातेदारांची नावं, पुढं तीन रकाने : हजर, मयत, फरार. अक्षर मला ओळखीचं वाटलं.

"हे तुमचं अक्षर?"

"व्हय. उमेदवार म्हणून नवा लागलो व्हतो. जुने कागद उर्दूत, नव्या साहेबांना येईना. मला दोन्ही येत व्हतं, म्हणून घेतलं. पहिलंच मोठं काम."

ते नावं वाचू लागले. एका नावाशी आवाज थांबला. पुढच्या नावापासून परत सुरू झाला. मी कागदावर पाहिलं. ते नाव, पुढं 'मुदर्रिस', म्हणजे शाळामास्तर, आणि शेवटच्या रकान्यात 'फरार'. मी काही विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात चहा पिता पिता ते म्हणाले, "साहेब, ते निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक बघा एकदा. पान एकशे चाळीस." आणि त्या दिवशी लवकर निघून गेले.

चिठ्ठी मला पाठ आहे. "पान १४०, ओळ नऊ. लेखक म्हणतो, नवं सरकार आलं की आधी लोकांची यादी करतं. बरोबर. आमच्या गावची यादी मी केली. वय अठरा. मयत लिहायला पंचनामा लागतो. अब्बाचा पंचनामा नव्हता. विहीर होती. साहेब म्हणाले, रकाना रिकामा ठेवता येत नाही. मी माझ्या हातानं फरार लिहिलं. फराराची जमीन दुसऱ्याच्या नावावर चढते, तशी चढली. अम्मीला मी काय लिहिलं ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. आता कुणी लिहिलं तर मयत लिहावं."

ते सूचीत गाव का शोधत होते, ते तेव्हा कळलं. आणि शेवटचं वाक्य कुणासाठी लिहिलंय, तेही.

मी ती चिठ्ठी पुस्तकातून काढली आणि माझ्या डायरीत ठेवली. त्यांच्या पद्धतीप्रमाणं चिठ्ठी पानातून काढायची नसते, हे मला माहीत होतं.

मार्गदर्शक सरांना दाखवली. त्यांनी उलटीपालटी करून पाहिली.

"हिला दप्तर क्रमांक आहे?"

"नाही सर."

"साक्षीदार कोणी?"

"माहीत नाही."

"मग? नोंद आहे तशी द्या परिशिष्टात. उद्या कोणी म्हणेल आमचाही आजा मयत लिहा, आमचाही लिहा. संशोधकानं वाहून जायचं नसतं."

मी मान हलवली. तळटीप देता आली असती. 'या नोंदीबद्दल वेगळी माहिती आहे' एवढी एक ओळ पुरली असती. नुसती माझ्या नावानं दिली असती तरी कोणी मला फाशी देणार नव्हतं. त्या वर्षांत शहराची हवा बरी नव्हती, संध्याकाळी शटरं लवकर खाली यायची, असले विषय कोणी काढत नव्हतं. मी भ्यालो, असं मी स्वतःला पुढं बरीच वर्षं सांगितलं. भीती थोडी होती. घाई जास्त होती. ग्रंथपालाची जागा निघणार होती, आणि त्याआधी मला पदवी हवी होती, जमलं तर पुस्तकही.

दोन्ही मिळालं. पुस्तक निघालं, मागं सूचीही केली. आमच्याकडच्या पुस्तकांना सहसा सूची नसते, मी हौसेनं केली. पेशकारांसाठी केली, असं तेव्हा मनात म्हणायचो.

प्रत देणार म्हणून त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून आले. पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं. माझं नाव, मुखपृष्ठ, काही पाहिलं नाही. मागून उघडलं. बोट सूचीवरून खाली सरकत गेलं आणि थांबलं. दोन ओळी वर, दोन ओळी खाली.

"हाय," ते म्हणाले.

इतक्या वर्षांत तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. कचरूमामा चहा घेऊन उभाच होता. "सापडलं का चुकलेलं कोकरू?"

पेशकार हसले. चष्मा पुसला. सूचीत गावापुढं दोन आकडे होते. पहिला मजकुरातला, दुसरा परिशिष्टातला. त्यांनी दुसरा आधी काढला. कारकुनी सवय, आधी तक्ता.

मी खिडकीकडं बघायला लागलो. खाली कोणीतरी सायकलला स्टँड लावत होतं, स्टँड बसत नव्हता. तो बसेपर्यंत मी बघत राहिलो. वळलो तेव्हा त्यांचं बोट एका ओळीवर होतं.

"छपाई चांगली हाय," ते म्हणाले.

मी काहीतरी बोललो. नियम, पुरावा, मूळ नोंद. माझा आवाज मार्गदर्शक सरांसारखा येत होता.

"व्हय, व्हय. बराबर हाय. नोंद माझीच हाय, तुमची काय चूक." मग थोड्या वेळानं, "प्रती किती काढल्या?"

"पाचशे."

"पाचशे," ते म्हणाले. पुस्तक मिटलं, टेबलावर सरळ ठेवलं, कडा टेबलाच्या कडेशी जुळवली. पेनं चाचपली. चहा तसाच होता. जाताना कचरूमामाच्या दंडाला हात लावला आणि जिना उतरून गेले.

ते परत आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी कचरूमामानं माझ्यापुढं चहा ठेवला आणि हलला नाही. "काय लिव्हलंय तुम्ही त्यांच्या अब्बाचं?"

त्याला अक्षरओळख जेमतेम. मी वाचून दाखवलं.

"फरार?" तो म्हणाला. "फरार कसं? मी बघितलं की त्यांना."

मग उभ्याउभ्यानं, फडकं हातात तसंच धरून, त्यानं सांगितलं. "मी असंल तेरा-चौदाचा. मेंढरं पाजाया विहिरीवर नेली, तर ती पाण्याला तोंड लावीनात. बानं वाकून बघितलं. मला म्हणला, दोर आण. वर घेताना पाय मी धरले व्हते. बाभळीखाली पुरलं. आमाला नमाज येत नव्हती. बा नुस्ता हात जोडून उभा राह्यला. मग त्यांच्या चपला घेऊन पायी सिल्लोडला गेला. पेशकारांची अम्मी तिथं भावाकडं जाऊन राह्यली व्हती. तिच्या हातात दिल्या."

"पेशकारांना हे माहीत होतं?"

"तेच दार उघडाया आले व्हते."

"मग यादीच्या वेळी तुझ्या बापाला साक्षीला का नाही बोलावलं? पंचनामा झाला असता."

कचरूमामानं माझ्याकडं जरा नवलानं बघितलं. "आन् मग? बा साक्षीला उभा राह्यला असता तर दुसऱ्या दिशी गावात मेंढरं बसवू दिली असती का कोणी? त्यांनी इचारलंच नाय बाला. मुद्दाम नाय इचारलं."

"तुम्ही दोघं रोज भेटत होतात. यावर कधी बोलला नाहीत?"

"त्यात काय बोलायचं?"

"मला तरी सांगायचं होतंस मामा."

"तुमी इचारलं नाय." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. "च्या आण म्हणला, झाडून घे म्हणला. हे नाय इचारलं."

सरांनी साक्षीदार मागितला होता. तो रोज दोनदा माझ्या टेबलावर चहा ठेवून जात होता. पेशकारांनी विचारलं नाही ते एका मेंढपाळाचं घर राहावं म्हणून. मी विचारलं नाही, कारण मला विचारायला सुचलंच नाही. माझ्या प्रबंधात तोंडी साक्षीवर एक पूर्ण प्रकरण आहे.

मी दोनदा रोशन गेटपर्यंत गेलो. एकदा त्यांची गल्ली दिसेपर्यंत. तिथल्या दुकानातून केळी घेतली, आणि ती तशीच घेऊन घरी आलो. पुढच्या वर्षी ते गेले. मला कचरूमामाकडून कळलं, मैतीला जाऊन आल्यावर. "तुमाला सांगावं का नाय ते कळंना," म्हणाला.

लगेच कचरूमामाही निवृत्त झाला. मी ग्रंथपाल झालो होतो. त्या उन्हाळ्यात पडताळणीला नवी माणसं होती, कंत्राटावरची. त्यांनी नियमाप्रमाणं प्रत्येक पुस्तक उलटं धरून झटकलं. मी आतल्या खोलीत होतो. बाहेरून पुस्तकांवर हात आपटल्याचे आवाज येत होते, आणि आता ते मागच्या भिंतीशी पोचलेत हे मला आवाजावरून कळत होतं. उठलो असतो तर दहा पावलं होती. चिठ्ठ्यांचं एक पोतं भरलं. पडताळणीच्या पत्रकावर खाली सही माझी आहे.

का उठलो नाही, याचं उत्तर मी बरीच वर्षं शोधलं. त्या चिठ्ठ्या तिथं होत्या तोवर मला त्या भिंतीकडं पाठ करून बसावं लागायचं. आता बसावं लागणार नव्हतं. एवढंच असावं. पण तसं झालं नाही. अजूनही अकराच्या सुमाराला जिन्यावर पावलं वाजली की मी दाराकडं बघत नाही.

सगळ्यांत एकच चिठ्ठी शिल्लक राहिली, मी काढून घेतलेली. ती परत ठेवावी म्हणून एकदा निळं पुस्तक शोधलं. जुनी पुस्तकं काढून टाकली त्यात ते गेलं होतं. आता त्या चिठ्ठीला पान नाही.

माझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघाली नाही, निघणारही नाही. म्हणून मी दुसरं काम धरलंय. कुठं कुठं त्याच्या प्रती आहेत हे मला पत्रव्यवहारामुळं ठाऊक आहे. कन्नड, सिल्लोड, पैठण, शहरातली कॉलेजं. सुटीच्या दिवशी जातो, सभासद नसलो तरी आत बसू देतात. तळहाताएवढा कागद, वर पान आणि ओळ, खाली मजकूर : "नोंद चूक आहे. मयत. विहिरीतून काढणारा साक्षीदार होता. त्याला विचारलं नव्हतं." खाली माझं नाव आणि सही. चिठ्ठ्या टिकत नाहीत. दर उन्हाळ्यात झटकल्या जातात. मी परत लिहितो.

परवा सिल्लोडला गेलो होतो. टेबलावरच्या मुलीनं पुस्तक काढून दिलं आणि मी ते कसं उघडतो ते बघत राहिली.

"काका, मागून काय बघता?"

"गाव."

"आहे का त्यात?"

बोट सूचीवर थांबलं होतं. मी परिशिष्टाचं पान काढलं. गेल्या वर्षीची चिठ्ठी तिथं नव्हती.

"गाव आहे," मी म्हणालो, आणि खिशातून कागद काढला.